मालाचा मुलूख आणि गिऱ्हाइकाचं मन

मे २०२५ मध्ये पुण्याच्या मार्केट यार्डातल्या फळव्यापाऱ्यांनी तुर्कस्तानचं सफरचंद उचलणं बंद केलं. भारत-पाकिस्तान संघर्षात तुर्कस्तानने पाकिस्तानची बाजू घेतली होती, हे कारण. फळाबद्दल कुणाचीच तक्रार नव्हती. रंग, करकरीतपणा, टिकाऊपणा, सगळं आधीच्या महिन्यात होतं तसंच होतं. तरीही गाळ्यावर इराणची, हिमाचलची पेटी उघडली जाऊ लागली आणि किरकोळ गिऱ्हाईक सफरचंद हातात घेऊन ते कुठून आलंय, हे विचारू लागलं.

ग्राहकांच्या वागण्याचा अभ्यास करणारे गेली साठेक वर्षं याच प्रश्नामागे लागलेले आहेत. माल कुठल्या देशाचा आहे, यावरून तो घ्यायचा की नाही हे माणूस कसं ठरवतो? आपण सरसकट ‘देशप्रेम’ म्हणून मोकळे होतो. पण काउंटरवर उभ्या असलेल्या माणसाच्या मनात चार निरनिराळे प्रश्न असतात. माल चांगला असेल का? परका माल घेणं बरोबर आहे का? या विशिष्ट देशाला आपला पैसा द्यायचा का? आणि ही वस्तू माझ्याकडे दिसली तर लोक मला काय समजतील? चारही प्रश्नांची उत्तरं एकाच दिशेने जातील असं मुळीच नाही. चिनी माल वाईट म्हणणारा माणूस चिनी फोनवरून तसा मेसेज पाठवतो, तेव्हा तो ढोंगीच असतो असं नाही. त्याच्या मनात एका प्रश्नाचं उत्तर दुसऱ्यावर मात करून गेलेलं असतं. म्हणून हे चार प्रश्न आधी सुटे करून पाहू.

देशाच्या नावावरून दर्जा

दर्जा तपासायला गिऱ्हाइकाकडे वेळ नसतो आणि साधनंही नसतात. विजेच्या बटणाच्या आतली पट्टी कसल्या पितळेची आहे हे बाहेरून दिसत नाही, मिक्सरची मोटर तीन वर्षांनी जळेल की दहा वर्षांनी हे दुकानात कळत नाही. मग जे दिसतं त्यावरून न दिसणाऱ्याचा अंदाज बांधायचा. किंमत, ब्रँड, दुकानदाराचा शब्द आणि देशाचं नाव या अंदाजाच्या खुणा.

या खुणेची ताकद रॉबर्ट स्कूलर या अमेरिकी अभ्यासकाने १९६५ साली एका साध्या प्रयोगातून दाखवली. ग्वाटेमालातल्या विद्यार्थ्यांपुढे त्याने फळांचा रस आणि कापडाचे तुकडे ठेवले. माल सगळा एकच. लेबलं मात्र वेगवेगळ्या देशांची लावलेली. ग्वाटेमाला आणि मेक्सिकोचं लेबल असलेल्या मालाला विद्यार्थ्यांनी चांगलं म्हटलं, एल साल्वादोर आणि कोस्टा रिकाच्या नावाखालचा तोच माल त्यांना कमी प्रतीचा वाटला. जीभ आणि बोटं खरं सांगत होती, पण डोळ्यांनी वाचलेलं नाव त्यांच्यावर चढलं होतं.

कोरियन अभ्यासक सी. मिन हान याने १९८९ मध्ये यात एक बारकावा आणला. वस्तूची ओळख नसते तेव्हा देशाची प्रतिमा वलयासारखी वस्तूवर पडते: जपानी ना, मग चांगलाच असणार. ओळख झाल्यावर उलटा प्रवास होतो. त्या देशाच्या पाच-सहा वस्तू वापरून आलेला अनुभव गोळा होतो आणि त्या अनुभवाचं सार म्हणजे त्या देशाचं नाव, असं होऊन बसतं. म्हणूनच ही प्रतिमा कायमची नसते. ब्रिटनने १८८७ साली कायदा करून परदेशी मालावर मूळ देशाचं नाव टाकायला लावलं, कारण शेफिल्डच्या सुऱ्या-कात्र्यांची नक्कल करून स्वस्त जर्मन माल खपवला जातो अशी तिथल्या कारागिरांची ओरड होती. ‘जर्मनीत बनलेलं’ हा शिक्का लाज वाटावी म्हणून मारायचा होता. जर्मन कारखानदारांनी माल सुधारला आणि काही वर्षांतच तोच शिक्का भरवशाची खूण बनला. जपानी मालाचंही तेच. दुसऱ्या महायुद्धानंतर स्वस्त खेळण्यांसाठी हसला जाणारा जपान पुढच्या तीन दशकांत रेडिओ, कॅमेरे आणि मोटारींच्या बळावर दर्जाचं दुसरं नाव झाला.

इथपर्यंत देशनिष्ठेचा संबंध फारसा आलेला नाही. हा निव्वळ अंदाजाचा खेळ आहे. निष्ठा येते ती पुढच्या प्रश्नात.

परका माल घ्यावा का?

आपला समूह मध्यभागी ठेवून बाकीच्यांना त्या मापाने मोजायची माणसाची सवय असते. विल्यम ग्रॅहम समनर या समाजशास्त्रज्ञाने १९०६ सालच्या आपल्या ग्रंथात या स्वसमूहकेंद्री वृत्तीची मांडणी केली. टेरेन्स शिंप आणि सुभाष शर्मा या दोन अभ्यासकांनी १९८७ मध्ये तीच कल्पना बाजारात आणली. परदेशी माल घेणं हे नैतिकदृष्ट्या चूक आहे, त्याने आपल्या लोकांच्या पोटावर पाय येतो, असं ग्राहकाला किती तीव्रतेने वाटतं हे मोजायला त्यांनी सतरा विधानांची एक मोजपट्टी तयार केली. आपल्याकडे न मिळणाऱ्या वस्तूच बाहेरून आणाव्यात, परदेशी माल घेणाऱ्यांमुळे देशबांधवांचे रोजगार जातात, थोडं महाग पडलं तरी देशी घ्यावं, या धर्तीची ही विधानं. प्रत्येकाला एक ते सात गुण द्यायचे. म्हणजे एखाद्याची बेरीज कमीत कमी सतरा आणि जास्तीत जास्त एकशे एकोणीस.

या विधानांत मालाच्या दर्जाबद्दल जवळजवळ काहीच नाही, हे लक्षात घेण्यासारखं आहे. त्यांचा सगळा रोख कर्तव्यावर आहे. त्यामुळे जपानी गाडी उत्तम असते हे मान्य करूनही ती घ्यायची नाही, अशी भूमिका या पट्टीवर सहज बसते.

ही पट्टी पहिल्यांदा अमेरिकेत लावली तेव्हा एक गोष्ट ठळकपणे दिसली. सर्वाधिक गुण डेट्रॉइटकरांचे होते, सर्वांत कमी लॉस एंजेलिसकरांचे. देशप्रेमाचा साठा दोन शहरांत इतका वेगळा असायचं कारण नाही. फरक पोटाचा होता. डेट्रॉइट म्हणजे मोटारींचं शहर. जपानी गाड्यांमुळे तिथले कारखाने बंद पडत होते, शेजारच्या घरातला माणूस कामावरून कमी होत होता. लॉस एंजेलिसच्या माणसाला जपानी गाडी म्हणजे फक्त कमी पेट्रोल खाणारी गाडी होती. दक्षिण कोरियात १९९५ मध्ये झालेल्या पुढच्या अभ्यासाने हे आणखी स्पष्ट केलं. देशाभिमान आणि जुन्या वळणाचा स्वभाव असेल तर ही वृत्ती वाढते. शिक्षण, उत्पन्न आणि परक्या संस्कृतीविषयीचं कुतूहल वाढलं की ती उतरते. शिवाय वस्तू जीवनावश्यक वाटत असेल तर ही वृत्ती सैल पडते, आणि आपल्या उद्योगाला धोका आहे असं वाटलं तर ती घट्ट होते.

इचलकरंजीच्या यंत्रमागवाल्याला आयात कापडाबद्दल जे वाटेल ते हिंजवडीतल्या संगणक अभियंत्याला वाटेलच असं नाही, ते यामुळे. अभियंत्याचा पगार मुळात परदेशी गिऱ्हाइकाकडून येतो.

एका देशावरचा राग

कर्तव्यभावना सगळ्याच परक्या मालाला दूर ठेवते. राग मात्र नाव घेऊन येतो. या दोन भावना वेगळ्या आहेत हे जिल क्लाइन आणि तिच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये दाखवून दिलं, आणि त्यासाठी निवडलेलं शहर फार बोलकं होतं: चीनमधलं नानजिंग. १९३७ च्या डिसेंबरात जपानी सैन्याने या शहरात केलेली कत्तल तिथल्या घराघरांत आठवली जाते. अभ्यासात निघालं ते असं, की जपानवरचा राग जितका जास्त तितकी जपानी माल घेण्याची तयारी कमी. पण त्या रागाने जपानी मालाच्या दर्जाबद्दलचं मत खाली आलेलं नव्हतं. टीव्ही उत्तम आहे, पण घेणार नाही. पुण्यातल्या सफरचंदाचं नेमकं हेच झालं.

रागाचे स्वभावही वेगवेगळे असतात. युद्धाचा राग पिढ्यान्‌पिढ्या टिकतो. एखाद्या घटनेवरचा राग झटकन चढतो आणि उतरताना रेंगाळतो. १९९५ मध्ये फ्रान्सने दक्षिण प्रशांत महासागरात अणुचाचण्या पुन्हा सुरू केल्या, तेव्हा ऑस्ट्रेलियात फ्रेंच मालावर बहिष्कार पडला. चाचण्या संपल्यानंतर तिथल्या ग्राहकांना पुन्हा गाठलं, तेव्हाही फ्रान्सविषयीची अढी गेलेली नव्हती.

राग विक्रीत किती उतरतो हे मोजणं मात्र दिसतं तितकं सोपं नाही. २००३ च्या इराक युद्धाला फ्रान्सने विरोध केला म्हणून अमेरिकेत फ्रेंच वाइनवर बहिष्काराची हाक दिली गेली. एका अभ्यासाने हिशेब मांडला, की ऐन भरात असताना आठवड्याची विक्री २६ टक्क्यांनी घटली. दुसऱ्या अर्थशास्त्रज्ञांनी दाखवलं, की सणासुदीनंतरची नेहमीची उतरण आणि आधीपासून चाललेली घसरण वजा केली तर बहिष्काराचा वेगळा परिणाम दिसतच नाही. बातमीतल्या बहिष्काराच्या आकड्यांवर विश्वास ठेवण्याआधी ही गोष्ट आठवावी.

मोठेपणाची हौस

चौथा प्रश्न निष्ठेच्या अगदी उलट ओढतो. १९९१ पूर्वी ज्यांचं बालपण गेलं त्यांना ‘फॉरेनचं आहे’ या वाक्याचा दरारा आठवत असेल. आखातातून सुट्टीवर आलेल्या माणसाच्या बॅगेतला साबण कोकणातल्या घरात महिनोन्‌महिने न वापरता कपाटात ठेवला जाई, कारण त्याचा उपयोग अंघोळीपेक्षा पाहुण्यांना दाखवायला जास्त होता. मुंबईत क्रॉफर्ड मार्केटच्या आसपास आणि मनीष मार्केटमध्ये ‘इम्पोर्टेड’ एवढ्या एका शब्दावर माल विकला जाई.

राजीव बत्रा आणि सहकाऱ्यांनी २००० साली भारतातल्या ग्राहकांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात या ओढीची फोड केलेली आहे. परदेशी, विशेषतः पाश्चात्त्य ब्रँड आवडण्यात दर्जाचा भाग होताच. पण दर्जा बाजूला काढला तरी पसंती उरत होती, आणि ती प्रतिष्ठेसाठी होती. पाश्चात्त्य राहणीचं आकर्षण असलेल्यांत आणि चारचौघांत दिसणाऱ्या वस्तूंच्या बाबतीत ती जास्त होती.

आपल्या उद्योजकांना हे विद्यापीठांच्या आधी कळलं होतं. टाटांनी १९५२ मध्ये देशी सौंदर्यप्रसाधनं काढली, तेव्हा त्यांना एका फ्रेंच ऑपेराचं नाव दिलं: लॅक्मे. मोंटे कार्लो हे भूमध्य सागराकाठच्या ठिकाणाचं नाव लावणारे स्वेटर लुधियानाचे. देशी माल परक्या नावाने विकावा लागणं, यात देशप्रेमाचा अभाव शोधण्यापेक्षा चौथ्या प्रश्नाचं वजन ओळखलेलं बरं.

काउंटरवर कोण जिंकतं?

आता हे चार प्रश्न एकाच माणसाच्या डोक्यात एकत्र आणून पाहू. समजा, दिवाळीच्या आठवड्यात एक गृहस्थ पुण्याच्या तपकीर गल्लीत दोन गोष्टी घ्यायला आले आहेत. गॅलरीसाठी दिव्यांची माळ आणि पुढे मुलीसाठी फोन.

दुकानदार दोन माळा लावून दाखवतो. एक चिनी, एक देशी. देशी साठ-सत्तर रुपयांनी महाग. वायर थोडी जाड, जोडावर काळी टेप, प्लगवर कंपनीचं नाव. चिनी माळेची वायर बोटात धरली तर हलकी लागते, खोक्यावर नाव-गाव धड नाही, पण झगमगाट तिचाच जास्त. गृहस्थ विचारतात, “गॅरंटी?” दुकानदार म्हणतो, “देशी बंद पडली तर घेऊन या, बदलून देतो. चायनीजला काही सांगत नाही.” इथे चारही प्रश्नांची उत्तरं एका बाजूला पडली. देशी माळेचा दर्जा बरा, ती घेणं कर्तव्याचं, चीनवरचा राग आहेच, आणि गॅलरीत देशी माळ लावली हे सोसायटीत सांगताही येतं. फरक साठ-सत्तर रुपयांचा. देशी माळ पिशवीत जाते.

मग फोन. दुकानात समोर मांडलेल्या दहा फोनांतले बहुतेक चिनी कंपन्यांचे. त्याच पैशात तसा कॅमेरा, तशी बॅटरी देणारा भारतीय कंपनीचा फोन समोर नाही. राग तोच, कर्तव्य तेच. पण पर्याय नाही आणि फरक आता हजारांत आहे. मुलीचंही मत आहे. गृहस्थ चिनी कंपनीचा फोन घेतात आणि मनाला समजावतात, की तो जोडला तर भारतातच आहे.

या छोट्या प्रसंगातून एक नियम हाती लागतो. देशनिष्ठा खरेदीवर राज्य करते ती चार अटी जुळल्या तर: तोडीचा पर्याय हाताशी हवा, किमतीतला फरक सोसवणारा हवा, वस्तू लोकांना दिसणारी हवी, आणि ती कुठली आहे हे कळायला हवं. एकेक अट गळते तशी निष्ठा मतापुरती उरते.

२०२० साली देशपातळीवर हेच घडलं. १५ जूनला गलवान खोऱ्यात वीस भारतीय जवान हुतात्मा झाले. चिनी टीव्ही फोडल्याची दृश्यं घरोघर पोचली. २९ जूनला सरकारने ५९ चिनी ॲपवर बंदी घातली. काउंटरपॉइंट या संस्थेच्या मोजणीनुसार भारतातल्या स्मार्टफोन विक्रीत चिनी कंपन्यांचा वाटा त्या वर्षाच्या पहिल्या तिमाहीत ८१ टक्के होता, तो दुसऱ्या तिमाहीत ७२ वर आला. त्या काळात टाळेबंदीमुळे पुरवठाही कोलमडला होता, म्हणून सगळी घट रागाच्या खात्यावर टाकता येत नाही. पण संबंध वर्षाचा हिशेब झाला तेव्हा पहिल्या क्रमांकावर चिनी शाओमीच होती. चीनहून होणारी भारताची एकूण आयात २०१९-२० मध्ये सुमारे ६५ अब्ज डॉलर होती; २०२३-२४ मध्ये ती १०० अब्जांच्या पुढे गेली. यातला मोठा भाग यंत्रांचा, सुट्या भागांचा, औषधांच्या कच्च्या मालाचा. तो गिऱ्हाइकापर्यंत त्या रूपात येतच नाही, त्यामुळे गिऱ्हाइकाची निष्ठा तिथे पोचतच नाही.

पण माल आहे तरी कुठला?

अटींपैकी शेवटची, म्हणजे मूळ देश कळण्याची, सर्वांत कच्ची आहे. ग्राहकांना ब्रँडचा देश कितपत ओळखता येतो हे शिंप, शर्मा आणि सईद सामी यांनी २००५ मध्ये अमेरिकेत तपासलं. परदेशी ब्रँड सोडाच, स्वदेशी ब्रँड ओळखतानाही लोक वारंवार चुकत होते. आपल्याकडे वेगळं काय आहे? बाटा ही कंपनी आपलीच असं मानणाऱ्या पिढ्या झाल्या. ती १८९४ मध्ये आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या झ्लिन गावात सुरू झाली. थम्स अप हे अस्सल देशी पेय, पण १९९३ पासून ते कोका-कोलाच्या मालकीचं आहे. मारुतीत बहुसंख्य हिस्सा जपानच्या सुझुकीचा. उलट इंग्रजी थाटाची जॅग्वार २००८ पासून टाटांची. आणि जर्मन नावाच्या मर्सिडीज गाड्या चाकणच्या कारखान्यात मराठी कामगारांच्या हातून जोडल्या जातात.

देश कशावरून ठरवायचा? मालक कुठला, यावरून? कारखाना कुठे, यावरून? सुटे भाग कुठून आले, आराखडा कुणी काढला, नफा कुठे गेला? एका फोनसाठी या प्रश्नांची चार-पाच देशांत विखुरलेली उत्तरं निघतात. बहिष्काराचा फटकाही म्हणूनच भलत्याला बसू शकतो. पश्चिम आणि दक्षिण भारतातली मॅकडोनाल्ड्सची दुकानं वेस्टलाइफ ही भारतीय कंपनी चालवते. अमेरिकेवर चिडून तिथलं बर्गर सोडलं तर पहिला तोटा त्या कंपनीला आणि तिथे टेबल पुसणाऱ्या मुलाला.

निदान खोकं वाचायची सवय लावता येते. व्हॉट्सॲपवर एक मेसेज वर्षानुवर्षं फिरतो, की बारकोडचे पहिले तीन आकडे ८९० असतील तर माल भारतीय. ते खरं नाही. ८९० चा अर्थ एवढाच, की तो क्रमांक बारकोड वाटणाऱ्या संस्थेच्या भारतीय शाखेकडून घेतलेला आहे. भारतीय कंपनीने चीनमधून तयार माल आणून आपल्या खोक्यात भरला तरी ८९० छापता येतो. खरी माहिती शेजारच्या बारीक अक्षरांत असते. ‘उत्पादक’ आणि ‘विक्रेता’ किंवा ‘पॅक करणारा’ ही नावं वेगवेगळी आहेत का, ‘आयातदार’ असा उल्लेख आहे का, आणि मूळ देशाच्या रकान्यात काय लिहिलंय, हे पाहावं. आयात केलेल्या वेष्टित मालावर मूळ देश लिहिणं बंधनकारक आहे, आणि २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार ऑनलाइन विक्रीतही तो दाखवावा लागतो. नीट वाचलं तर ‘देशी’ म्हणून हौसेने घेतलेल्या बऱ्याच वस्तूंवर आयातदाराचा पत्ता सापडतो.

स्वदेशीने शिकवलेलं

महाराष्ट्राला हा विषय पुस्तकातून शिकावा लागलेला नाही. लोकहितवादींनी १८४८ पासून लिहिलेल्या शतपत्रांत देशी मालाचा आग्रह आहे. सार्वजनिक काका, म्हणजे गणेश वासुदेव जोशी, १८७७ च्या दिल्ली दरबारात अंगावर खादी घालून गेले. १९०५ मध्ये बंगालच्या फाळणीनंतर पुण्यात विलायती कापडाची होळी पेटली. २५ वर्षांनी, १२ डिसेंबर १९३० रोजी, मुंबईत काळबादेवीला बाबू गेनू हा आंबेगाव तालुक्यातला तरुण गिरणीकामगार विलायती कापडाच्या लॉरीपुढे आडवा पडला आणि तिच्याखाली चिरडला गेला.

या भावनेच्या बळाबद्दल शंका घ्यायला जागाच नाही. पण ती बाजारात उतरली तेव्हा काय झालं, तेही पाहायला हवं. १९०५ नंतर देशी कापडाची मागणी एकदम चढली, आणि मुंबईच्या गिरणीमालकांनी भाव चढे ठेवल्याची तक्रार खुद्द बंगालच्या नेत्यांना करावी लागली. निष्ठावान गिऱ्हाईक घासाघीस करत नाही, हे विक्रेत्याला लगेच कळतं. भार कुणावर पडतो, हा प्रश्नही होता. सुरुवातीला या चळवळीत असलेल्या रवींद्रनाथ टागोरांनी पुढे १९१६ च्या ‘घरे बाइरे’ कादंबरीत स्वस्त विलायती कापड विकून पोट भरणाऱ्या गरीब माणसाची बाजू मांडली. जाड, महाग धोतर घ्यायची ऐपत असलेल्यांचं देशप्रेम आणि ती नसलेल्यांचं देशप्रेम एका मापाने मोजता येत नाही, हे त्यांचं म्हणणं आजही शिळं झालेलं नाही.

याच काळात दुसरी एक वाट धरलेली माणसं होती. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा गोळा करायची कल्पना काढली, टिळकांनी तिला पाठबळ दिलं, आणि त्या पैसा फंडातून १९०८ मध्ये तळेगाव दाभाडे इथे काचेचा कारखाना उभा राहिला. बाहेरून येणाऱ्या काचेवर बहिष्कार घालायचा तर आधी काच कशी ओतायची हे शिकायला हवं, हा त्यामागचा विचार. तिथे शिकलेले कारागीर पुढे देशभरच्या काचकारखान्यांत गेले. कऱ्हाडजवळ ओगलेवाडीला ओगले बंधूंनी १९१६ मध्ये कारखाना काढला. त्यांचा प्रभाकर कंदील परदेशी कंदिलांच्या बरोबरीने घराघरांत लागला. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवून लोखंडी नांगर काढले. त्यांना विलायती नांगराशी स्पर्धा होतीच, शिवाय लोखंडाने जमीन नासते ही आपल्याच शेतकऱ्यांची समजूतही मोडायची होती. ती स्वदेशीच्या भाषणांनी मोडली नाही. शेजाऱ्याच्या रानात नांगर खोल चाललेला दिसला, पीक आलेलं दिसलं, तेव्हा मोडली.

चार प्रश्नांच्या भाषेत सांगायचं तर होळीने दुसरा आणि तिसरा प्रश्न पेटवला. तळेगाव, ओगलेवाडी आणि किर्लोस्करवाडीने पहिल्या प्रश्नाचं उत्तर तयार केलं. दोन्हींची गरज होती. मागणीची लाट नसती तर नव्या कारखान्यांना पहिलं गिऱ्हाईक मिळणं अवघड होतं, आणि कारखाने नसते तर ती लाट ओसरायला वेळ लागला नसता.

भावनेची मुदत

आजच्या बाजाराला यातून लावण्याजोगा अर्थ निघतो. देशनिष्ठा देशी मालाला पहिली संधी मिळवून देते. गिऱ्हाईक साठ-सत्तर रुपये जास्त देऊन माळ घेतं, नवख्या कंपनीचा पंखा लावून पाहतं, थोडं उणं-दुणं खपवून घेतं. दुसऱ्या खरेदीच्या वेळी मात्र त्याच्याकडे अनुभव असतो. हानच्या मांडणीप्रमाणे आता वलय संपून सार सुरू झालेलं असतं. देशी माळ पुढच्या दिवाळीत लागलीच नाही, तर पुढचं देशी खोकं हातात घेताना तेच आठवतं, आणि तोटा त्या एका कंपनीचा न राहता सगळ्या देशी मालाचा होतो.

म्हणून स्वदेशीच्या नावावर विकणाऱ्याने आपल्याला मुदतीचं कर्ज मिळालंय असं समजावं. ते व्याजासकट फेडायचं ते सेवाकेंद्र उघडून, सुटे भाग मिळतील अशी सोय करून, लेबलावर खरं लिहून. तिरंगा छापलेल्या खोक्यात आयात माल भरणारा हे कर्ज बुडवतो, आणि बुडतो तो त्याच्या शेजारचा प्रामाणिक कारखानदारही.

गिऱ्हाइकालाही बहिष्काराची हाक आली की तीन गोष्टी विचारता येतात. ही वस्तू खरोखर त्या देशाची आहे का? तिच्या जागी घेण्यासारखं काय आहे? आणि माझ्या न घेण्याने नेमकं कुणाचं उत्पन्न थांबणार आहे? तिन्हींची उत्तरं समाधानकारक असतील तर खुशाल माल परत ठेवावा. तो निर्णय रागातून आला म्हणून कमअस्सल ठरत नाही. उत्तरं मिळत नसतील तर महाग माल घेऊ न शकणाऱ्या शेजाऱ्याच्या देशप्रेमावर शंका घेण्याचा हक्क तरी सोडून द्यावा.